पंचमीला उकरलेली माती

भूमकडं कुणी हौसेनं जात नाही. तिकडं जाणाऱ्याचं एक तर सोयरं असतं, नाहीतर त्याला म्हैस घ्यायची असते. माझी थोरली बहीण गोदाक्का तिकडं दिलेली, म्हणून त्या वाटेनं मी उभा जन्म येतोय, जातोय. पण यंदाच्या नागपंचमीला गेलो ते जाणं निराळं झालं. परत आलो तर गावात माझ्याआधी बातमी आलेली. कुणी म्हणालं, म्हातारीला नाग चावला. कुणी म्हणालं, सुनेनं काहीतरी घातलं. म्हटलं, आता आपणच लिहावं. माझी शाळा दुसरीत सुटली. अक्षर वाकडं असंल, पण जे झालं ते सरळ लिहितोय.

बेंबळीहून निघालो

आमच्याकडं, म्हणजे बेंबळीच्या अंगाला, पंचमीला लेकी माहेरी येतात. आदल्या दिवशी बहिणी भावाचा उपास धरतात, भावाला आयुष्य मिळावं म्हणून. अक्काचे गुडघे गेले, तिला बसची पायरी चढवत नाही. म्हणून आता मीच तिच्याकडं जातो. लोक हसतात, "नाना, पंचमीला बहीण येते का भाऊ जातो?" हसू द्या. ज्याचे गुडघे धड त्यानं जावं, एवढा साधा हिशोब त्यांना कळत नाही.

पिशवीत चोळीचा खण, ज्वारीच्या लाह्या आणि विहिरीवरची लिंबं घेतली. धाराशिवात बस बदलली. येडशीचा घाट यंदा हिरवागार होता, माकडं रस्त्याच्या कठड्यावर ओळीनं बसलेली, जणू त्यांचीच बस चुकली होती.

तेरखेड्याच्या अलीकडं चाक पंक्चर झालं. सगळे खाली उतरले. मी सवयीनं बिडी काढली आणि काडेपेटी चाचपली. शेजारी एक बाई उभी होती, तिच्या बोटांच्या पेरांवर चंदेरी भुकटी बसलेली.

"आजोबा, काडी वढू नका," ती म्हणाली. "आत्ताच कारखान्यातनं आलेय. माझ्या पदराला फटाक्याची दारू हाय."

"म्या कुठं वढतोय? नुसती हातात धरली."

"मंग धरा निवांत. धरून कुणी जळत न्हाय."

बाकीचे हसले. मी बिडी तोंडात तशीच धरून उभा राहिलो, चाक बदलेपर्यंत. ठेवून दिली असती तर तिनं सांगितलं म्हणून ठेवली असं झालं असतं.

अक्काचं गाव

भूमच्या अलीकडं एका फाट्यावर उतरून आत चालत जावं लागतं. आमची जमीन काळी, पाय रुतवणारी. इकडं मुरमाड माळ, उतारावर उडीद आणि मटकी. पाऊस कमी, म्हणून माणसं दुधावर जगतात. घरटी म्हशी आणि जागोजाग खव्याच्या भट्ट्या. गावात शिरतानाच आटलेल्या दुधाचा वास येतो आणि त्याच्या मागोमाग शेणाचा. माझ्या लहानपणी अक्काच्या दारात एक गाय होती. आता भाच्याच्या, दत्तूच्या, गोठ्यात म्हशींची रांग आहे आणि गोठ्यामागचा उकिरडा पार बांधाला जाऊन भिडलाय.

अक्का ओसरीवर बसली होती. दिवसभर उपाशी.

"किसन्या, वाळलास रं."

"उपास तू धरतीस आन् वाळतो म्या. बघ तुझा देव कसा उलटा कारभार करतो ते."

"देवाला बोलू नगंस. उद्याच्याला पोटभर खाऊ घालते."

सून मंगल पाणी घेऊन आली. कमी बोलणारी आहे. अक्काचं आणि तिचं फार जमतं असं नाही, पण भांडणही नाही. लग्नाला वर्षं झाली तरी गल्लीतल्या बायका तिला अजून "बाहेरची" म्हणतात. ती बार्शीकडची, एवढाच तिचा गुन्हा.

पंचमी

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पंचमीला आमच्या लोकांत चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही आणि जमीन उकरायची नाही. नाग मातीत असतो. खुरप्याच्या टोकानं त्याला इजा झाली तर ती भावाला लागते, असं बायका मानतात. म्हणून त्या दिवशी सगळं उकडलेलं. आमच्याकडं कान्होले करतात, अक्काकडं पुरणाची दिंडं.

सकाळी अक्का काठी टेकत वारुळाला निघाली. वारूळ गोठ्यामागच्या बांधावर आहे. मी बरोबर होतो, मंगल पुढं लाह्या-दूध घेऊन. पूजा झाली आणि अक्का एकदम म्हणाली, "अगं बाई, बघ तरी."

वारुळाच्या कडंनं पांढऱ्याशुभ्र अळंब्या उगवल्या होत्या. काही मुठीएवढ्या, काही ताटलीएवढ्या उघडलेल्या. वर तपकिरी खवले.

"नागोबानं दिलं, किसन्या. श्रावणात कोंबडी बंद. हीच आपली कोंबडी."

मला लहानपण आठवलं. आईबरोबर आम्ही दोघं भावंडं अळंब्या काढायला जायचो. आईची एकच परीक्षा होती. वारुळाच्या अळंबीला लांब मूळ असतं, उंदराच्या शेपटासारखं, ते खाली वाळवीच्या घरापर्यंत जातं. उकरत गेलं तरी संपत नाही. मूळ सापडलं तर टोपलीत, नाहीतर फेकून द्यायची. गावात मला अळंब्यांतलं कळतं असं म्हणतात आणि ते खरं आहे.

"मुळासकट काढ, बघू," मी म्हणालो.

अक्कानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी अजून चड्डीतच आहे. "आज उकरू? तुझ्यासाठी काल उपाशी ऱ्हायले ते कशापायी मग?"

तिनं मातीच्या वरून देठ मोडून घेतले. मूळ खाली राहिलं. आणि मूळ बघायचं नाही म्हटल्यावर आम्ही वारूळ बघितलं. वारूळ तर समोर होतं, त्यात खोटं काय असणार? दोघांनीही तेच धरलं आणि घरी आलो.

अळंब्या हातानं तोडून येसराच्या, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाच्या, आमटीत उकडल्या. अक्कानं लसणाची अख्खी पाकळी टाकली. अळंबी विषारी असली तर लसूण काळा पडतो, असं तिच्या सासूनं सांगितलेलं. लसूण पांढराच राहिला. तिनं मला पळीत धरून दाखवला.

मंगलनं अळंबी घेतली नाही. "आमच्या माहेरी श्रावणात चालत न्हाय. वशाटात, कोंबडी-मटणात धरतात."

"माहेरचं माहेरी," अक्का म्हणाली, पण आग्रह केला नाही.

दत्तू खवा घेऊन भूमला गेला होता. मी दोन दिंडांवरच भरलो होतो, म्हणून अळंबीचे दोन-चार घास खाल्ले. चव चांगली होती, खोटं कशाला सांगू. अक्कानं मात्र वाटी पुन्हा भरून घेतली. आदल्या दिवशीची उपाशी.

जेवून आडवे झालो. डोळा लागला न लागला तोच अक्का उठून न्हाणीकडं गेली. उलटी झाली. परत आली, पुन्हा गेली. आम्ही म्हटलं, उपासानं पित्त झालं असंल. मग जुलाब लागले. थोड्या वेळात तिचे डोळे आत गेले, ओठ पांढरे झाले आणि हातापायांत गोळे यायला लागले. माझ्याही पोटात ढवळायला लागलं होतं, पण मी कुणाला सांगितलं नाही.

"मिठाचं पाणी पाजा, समदं पाडून टाकू," मी म्हणालो.

मंगल आडवी आली. "न्हाय मामा. उलटी आपसूक हुतीया. वरनं मीठ पाजू नका, तोंडात बोटं घालू नका. आपण दवाखान्यात जाऊ."

मला राग आला. पोरीनं मला शिकवावं? पण ती बोलता बोलता फोन लावत होती, दत्तूला. माझ्या रागाकडं बघायला तिला सवड नव्हती.

तेवढ्यात शेजारची काकू डोकावली. अक्काकडं बघितलं, मग मंगलकडं. "तू न्हाय खाल्लंस व्हय गं?" एवढंच विचारलं. पण विचारायची तऱ्हा अशी की मंगलचा चेहरा उतरला. ती उठली. आत गेली, उरलेल्या आमटीच्या पातेल्यावर झाकण ठेवून फडक्यानं घट्ट बांधलं आणि सुपात राहिलेले अळंबीचे तुकडे कागदात गुंडाळले.

"हे संगं घ्यायचं," ती म्हणाली. "कुणी काय घातलं ते डागदरीण सांगंल."

तेव्हा मला कळलं, आता दोघींचं काय व्हायचं ते त्या पातेल्यात होतं. अक्काचा जीव आणि मंगलचं नाव.

भूमचा सरकारी दवाखाना

दत्तूनं छोटा टेम्पो घरापर्यंत आणला. अक्काला गोधडीवर एका कुशीला निजवून नेलं, उलटी घशात जाऊ नये म्हणून. हेही मंगलनंच सांगितलं.

डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची. आधी सलाईन लावलं, साखर तपासली, मग विचारायला लागली. काय खाल्लं? किती वाजता? पहिली उलटी कधी झाली? आणखी कुणी खाल्लं?

"म्या खाल्लं, पण मला काय झालं न्हाय," मी म्हणालो.

"मग तुमचे हात का कापतात, आजोबा? त्या खाटेवर बसा."

लसणाचं ऐकून तिनं मान हलवली. "लसूण, चांदीचं नाणं, किडे लागलेत का बघणं, ह्या कशानंही विष कळत नाही. शिजवूनही जात नाही."

मग तिनं जे सांगितलं ते मी ध्यानात ठेवलंय, वाचणाऱ्यानंही ठेवावं. काही अळंब्या खाल्ल्यावर लगेच, दोन-तीन तासांत त्रास देतात. त्यात पाणी फार जातं, म्हाताऱ्या माणसाच्या मूत्रपिंडावर येतं, पण बहुतेक माणसं सलाईननं सावरतात. दुसऱ्या जातीच्या अळंब्या सहा-सहा तास, कधी अख्खा दिवस गप्प बसतात. मग उलट्या होतात, मग माणसाला बरं वाटायला लागतं, तो घरी जातो आणि आत यकृत सडत असतं. म्हणून बरं वाटलं तरी उठून जायचं नाही.

"आजींना लवकर त्रास झाला, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट," ती म्हणाली. "पण दोन जाती शेजारी उगवल्या असतील आणि पातेल्यात दोन्ही असतील तर? मला पूर्ण अळंबी पाहिजे. ह्या तुकड्यांत बूड नाही. मुळासकट, बुडाच्या मातीसकट उकरून आणा. मग मोठ्या दवाखान्यात हलवायचं का ते ठरवता येईल."

अक्का डोळे मिटून पडली होती. 'उकरून' हा शब्द मात्र तिला ऐकू गेला. तिनं माझं मनगट धरलं. हाताला जोर नव्हता, पण धरलं.

"किसन्या, आज उकरायचं न्हाय. माझी आण हाय."

"अक्का, तू गप पड."

"भावाला लागतं रं ते. तुला लागंल."

दत्तू खाली बघत राहिला. तो चांगला बाप्या गडी, पोती उचलणारा, पण आईची आण मोडायची त्याची छाती नव्हती. मंगलनं उकरलं असतं, पण मग जन्मभर तिला ऐकावं लागलं असतं. राहिलो मी. ज्याला लागणार होतं त्यानंच उकरलं तर दुसऱ्या कुणाला बोल लागत नाही. मी खाटेवरून उतरलो.

"कुठं निघालात?" डॉक्टरीण म्हणाली. "तुम्ही पेशंट आहात."

"आणायला. हे गाढव आणणार न्हाय," मी दत्तूकडं बोट केलं, "आन् आणलं तर भलतंच आणंल."

तिनं माझी नाडी बघितली, रक्तदाब बघितला, दत्तूच्या हातात मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली दिली. "वाटेत घोट घोट पाजा ह्यांना. आणि लगेच परत आला नाहीत, तर मी स्वतः धरायला येईन."

वाटेत मी एकदा टेम्पो थांबवायला लावला आणि उलटी केली. दत्तू म्हणाला, "मामा, तुम्हाला काय झालं न्हाय म्हणला हुता."

"तुझं गाडी हाकणं तसं हाय."

वारुळापाशी पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. सकाळच्या लाह्या तशाच विखुरलेल्या, मुंग्या दूध चाटत होत्या. दत्तू बांधाखालीच थांबला. "मामा, म्या न्हाय येत वर."

"नगं येऊ. खुरपं दे."

मला नागाचं भ्या नव्हतं. अक्काचं होतं. टोपी काढली, हात जोडले आणि खुरपं घातलं.

माती भुसभुशीत होती. जरा उकरलं आणि अळंबी हातात आली. मूळ नव्हतंच. देठ खाली कांद्यासारखा फुगलेला आणि संपलेला. शेजारची काढली, तीही तशीच. आणि ती वारुळाची तांबडी माती नव्हतीच, काळं, कुजलेलं शेणखत होतं. उकिरडा वाढत वाढत वारुळाच्या बुडाला येऊन टेकला होता, वरून गवतानं झाकलेला. अळंबी वारुळाची नव्हती, उकिरड्याची होती. देठाला वर एक कडं होतं, बांगडीसारखं. एक जून झालेली छत्री उलटी केली तर पोटातल्या पाकळ्यांवर हिरवट झाक. आमच्या वारुळाच्या अळंबीला असलं कधी नसतं.

आईनं जे शिकवलं होतं ते सगळं तिथंच होतं, चार बोटं मातीखाली.

लहान, मोठ्या, जून अशा निरनिराळ्या घेतल्या. प्लास्टिकच्या पिशवीत कुजतात, कागदात आणा, असं डॉक्टरणीनं बजावलं होतं. आजूबाजूलाही बघितलं, दुसऱ्या जातीची एकही नव्हती.

दवाखान्यातले दिवस

डॉक्टरणीनं फोटो काढून एका कॉलेजातल्या जाणकार बाईंना पाठवले. त्यांनी फोनवर सांगितलं, एका छत्रीचा देठ काढा, पोट खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि वर वाटी पालथी घाला. सकाळी वाटी उचलली तर कागदावर भुकटीची नक्षी उमटलेली, चाकाच्या आऱ्यांसारखी. रंग मळकट हिरवा. वारुळाच्या खऱ्या अळंबीची भुकटी गुलाबी पडते, बाई म्हणाल्या.

"बहुतेक तीच पोट बिघडवणारी आहे," डॉक्टरीण म्हणाली. "बहुतेक म्हणते मी. खात्री रक्त देईल."

म्हणून आणखी दोन दिवस रक्त तपासत राहिले. अक्काचं आणि माझंही. मी म्हणालो, माझं कशाला? सिस्टर म्हणाली, "जास्त बोलला तर दोन बाटल्या काढीन." तिकडच्या माणसांचं बोलणं आमच्यापेक्षा तिखट आहे, पण पोटात काही नसतं.

शेजारची काकू भेटायला आली. दाराशीच घुटमळत होती. मंगल उठली, डॉक्टरणीला विचारून तो कागद आणला आणि तिच्यापुढं धरला.

"बघा काकू. सुनेनं हिरवं घातलं."

काकू कागदाकडं बघत राहिली. "म्या कुठं काय म्हणले गं?"

"न्हाय म्हणला. बसा, चहा घ्या."

अक्का अजून निपचित होती, पण ती ऐकत होती. काकू गेल्यावर तिनं मंगलला जवळ बोलावलं आणि पाठीवरून हात फिरवला. आमच्या घरात तोंडानं चांगलं बोलायची रीत नाही.

माझ्याशी मात्र ती बोलेना. मी पाणी दिलं तर मंगलकडून मागून घ्यायची. लघवी नीट व्हायला लागली, रक्त ठीक आलं, हलवायची गरज नाही असं डॉक्टरीण म्हणाली, तरी माझ्याकडं पाठ. शेवटी मंगलनं भाताची पेज आणली. मी वाटी घेऊन खाटेजवळ बसलो.

"उकरलंस?" तिनं भिंतीकडं बघूनच विचारलं.

"व्हय."

"मी आण घातली हुती."

"ऐकली हुती."

पेजेवर साय धरली.

"नागोबा काय म्हणला?"

"काय न्हाय. घरी नव्हता."

तिची पाठ हलली. मला वाटलं रडतेय. वळली तर हसत होती, बोळकं तोंड, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी. "मेल्या," म्हणाली. मग गंभीर झाली. "माती परत लोटलीस का?"

मी आठवून बघितलं. घाईत उठलो होतो. "न्हाय."

"उघडंच टाकलंस त्याचं दार?"

"तुझ्यापायी पळत आलो, अक्का."

"जाताना लोटून जा. आन् आण ती पेज, गार झाली."

परत

अक्काला घरी सोडून मी दुसऱ्या दिवशी निघालो. दत्तूनं तोवर उकिरडा बांधापासून मागं ओढायला घेतला होता. फाट्यावर जायच्या आधी मी गोठ्यामागं गेलो. खड्डे तसेच होते. एका खड्ड्याच्या कडंला नव्या अळंब्या डोकं वर काढत होत्या, दिसायला अगदी गोंडस. त्या उपटल्या आणि पोरंढोरं, गुरं जाणार नाहीत अशा जागी पुरून टाकल्या.

बसची वेळ झाली होती. दत्तू लांबून हाका मारत होता, "मामा, पायानं लोटा की, हाय काय त्यात!"

मी खाली बसलो. एकेक खड्डा भरला, वरून थापटला. बस चुकली, पुढची घेतली. माती हातानंच लोटली.